कंठातली ग्रंथी आणि कानाची घडण

आमची ताई जन्मतः बहिरी होती. ‘ताई’ ही आमची हाक तिला कधीच ऐकू गेली नाही. मुखेडात त्या काळी अशा लेकराला सरसकट ‘मुकं’ म्हणत आणि दोष आईच्या पदरात टाकत. “गिऱ्हाणात इळीला हात लावलीस तू,” हे आजीचे बोलणे आईने शेवटपर्यंत खरे मानले. मी शास्त्रज्ञ नाही. जे शिकलो ते जुनी पुस्तके आणि शोधनिबंध चाळून. पण बहिरेपणाच्या कारणांचा इतिहास शोधायला मला त्या एका वाक्याने लावले. त्यातला एक धागा गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीपासून थेट कानापर्यंत जातो.

१९०८ साली रॉबर्ट मॅककॅरिसन या लष्करी डॉक्टरने गिलगिट-चित्रालच्या खोऱ्यांतील माणसांचे वर्णन प्रसिद्ध केले. तिथे घरोघरी गलगंड होता आणि त्याच गावांत मतिमंद, मूकबधिर मुलेही जन्मत होती. पुढे कारण स्पष्ट झाले. थायरॉक्सिनच्या प्रत्येक रेणूत आयोडीनचे चार अणू असतात. मातीपाण्यात आयोडीन नसेल तर ग्रंथी फुगते, तरी संप्रेरक अपुरेच पडते. १९५६ पासून डॉ. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात आयोडीनयुक्त मीठ देऊन पाहिले आणि गलगंड हटू लागला. १९७३ साली या प्रयोगाचा दीर्घ अहवाल आला. त्याच्या लेखकांत देव आणि करमरकर ही दोन मराठी आडनावे पाहून मला उगीचच आपलेपणा वाटला.

पण संप्रेरक कानात नेमके करते काय? १९७३ सालीच एम. एस. देओल यांनी उंदरांवर त्याचा माग काढला. नव्वदच्या दशकात डग्लस फॉरेस्ट आणि सहकाऱ्यांनी तो पेशीपर्यंत नेला. थायरॉइड संप्रेरकाचा निरोप घेणारे ‘बीटा’ नावाचे ग्राहक-प्रथिन नसलेले उंदीर बहिरे निघाले, हे त्यांनी १९९६ साली दाखवले. २००१ साली आणखी नवल कळले. याच प्रथिनाचा एक प्रकार नसेल, तर डोळ्यातल्या हिरवा रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी घडतच नाहीत. म्हणजे हे संप्रेरक फक्त अंगाची वाढ सांभाळत नाही. कान आणि डोळा यांना ‘आता तयार व्हा’ असा वेळेवर निरोपही देते. निरोप उशिरा पोचला तर घडण अर्धवट राहते. मग कितीही औषध दिले तरी गेलेली वेळ परत येत नाही.

उंदराच्या पिल्लाला जन्मानंतर सुमारे बारा दिवसांनी ऐकू येऊ लागते. माणसाचे मूल मात्र आईच्या पोटातच ऐकू लागते. म्हणून आपल्याकडे पहिली राखण गरोदर बाईच्या ताटातल्या मिठाची. दुसरी राखण जन्मानंतरची. बाळाची स्वतःची ग्रंथीच अपुरी असेल, तर पहिल्या दोन आठवड्यांत थायरॉक्सिनची गोळी सुरू करावी लागते. ती बुद्धी वाचवते. अशी बाळे दिसायला बहुधा इतरांसारखीच असतात, म्हणून रक्त तपासावे लागते. मुंबईत डॉ. मीना देसाई आणि सहकाऱ्यांनी १२,४०७ नवजात बाळे तपासली आणि १९८७ साली निष्कर्ष छापले. दर २,४८१ बाळांमागे एकाला हा दोष होता.

मिठाची कथाही सरळ नाही. सर्व खाण्याचे मीठ आयोडीनयुक्त करण्याचे धोरण १९८४ साली ठरले. साध्या मिठाच्या विक्रीवरची देशव्यापी बंदी २००० साली उठली आणि २००६ साली पुन्हा लागू झाली.

ताईचे बहिरेपण थायरॉइडमुळेच होते, असा माझा दावा नाही. बहिरेपणाला अनुवंश, गरोदरपणातला रुबेला, मेंदूज्वर अशी पुष्कळ कारणे असतात, आणि तिचे रक्त कधी कोणी तपासलेच नाही. पण विळीला लावलेला हात हे त्यातले एकही कारण नव्हे, एवढे मी आज ठामपणे सांगू शकतो. ऐकायला आई मात्र उरली नाही.

परवा शेजारची आजी आपल्या गरोदर नातसुनेला ग्रहण पाळायचे नियम सांगत होती. मी वाद घातला नाही. एवढेच विचारले, “आजी, घरात मीठ कोणतं आणता?”