मद्यमुक्ती सहायता गट : मीटिंगचा शोध (निर्मळ, वसई)

दारू सोडलेल्या आणि सोडू पाहणाऱ्या माणसांनी एकमेकांच्या आधारासाठी नेमाने भरवलेली बैठक. तिथे जाणारे तिला नुसते ‘मीटिंग’ म्हणतात. या प्रथेचे मूळ अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे ‘एए’ या संघटनेत आहे. अमेरिकेतील अ‍ॅक्रन शहरात १९३५ साली शेअर बाजारात वावरणारे बिल डब्ल्यू. आणि शल्यविशारद डॉ. बॉब हे दोन मद्यपी भेटले. आपल्यासारख्याच दुसऱ्या मद्यपीशी बोलत राहिले की पिण्याची ओढ आवरते, हे त्यांना उमगले. भारतात ही चळवळ १९५७ साली दिल्लीत सुरू झाली. तिचे देशाचे सेवा कार्यालय पुढे मुंबईत आले.

निर्मळ हे नालासोपारा स्टेशनच्या पश्चिमेकडचे गाव. तळे, शंकराचार्यांचे मंदिर, होली क्रॉस चर्च आणि कार्तिकातली यात्रा यांमुळे ते साऱ्या वसईला ठाऊक आहे. अशा गावात बसमध्ये शेजारी बसलेला माणूस नात्यातला नाहीतर ओळखीचा निघतो. त्यामुळे मीटिंग कुठे भरते, यापेक्षा तिथे आपल्याला कोण पाहील ही चिंता मोठी असते. पिऊन रस्त्यात पडलेला माणूस सगळ्यांनी पाहिलेला असतो, तरी तो मीटिंगला जातो हे कळू नये म्हणून घरातली माणसेच धडपडतात. ही लाज जीवघेणी आहे. व्यसनांच्या देशव्यापी सर्वेक्षणाच्या २०१९ मधील अहवालानुसार दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कुठलेतरी उपचार मिळतात.

एएमध्ये या भीतीचा विचार आधीच झालेला आहे. सदस्य केवळ पहिल्या नावाने ओळखले जातात. नोंदणी नसते, फी नसते, सही घेतली जात नाही. पिणे थांबवण्याची इच्छा एवढीच प्रवेशाची अट. तरीही गावात जाणे जड वाटत असेल, तर लोकल पकडून वसई रोड, विरार किंवा थेट मुंबईतली मीटिंग गाठावी. त्यात कमीपणा नाही. मात्र लांबची मीटिंग दर आठवड्याला जमेल का, हे आधी पाहावे.

जागा आणि वेळ बदलत असल्यामुळे ऐकीव पत्त्यावर न जाता एएच्या हेल्पलाइनवर आधी फोन करावा. दोन गोष्टी नक्की विचाराव्यात : मीटिंग मराठीत, हिंदीत की इंग्रजीत, आणि ‘ओपन’ की ‘क्लोज्ड’. ओपनला नातेवाईकही बसू शकतात, क्लोज्ड मात्र मद्यपींपुरती असते. भाषेचा प्रश्न गौण नाही. घरी सामवेदी किंवा वाडवळी बोलणाऱ्याला आपली फजिती इंग्रजीत सांगता येत नाही. मुंबई-वसईकडे पुष्कळ गट चर्चच्या किंवा शाळेच्या खोलीत जमतात. ती जागा तेवढ्यापुरती वापरायला घेतलेली असते. एए कुठल्याही धर्मसंस्थेशी संलग्न नाही, तेव्हा हिंदूंनी किंवा मुसलमानांनी दारातून परतण्याचे कारण नाही.

आत काय घडते? साधारण तास-दीड तास. एकजण पुढे बसून सूत्रे सांभाळतो. बोलणारा आधी नाव सांगतो, मग “मी अल्कोहोलिक” म्हणतो, आणि सारी खोली त्याला नावाने हाक देऊन नमस्कार करते. त्याचे बोलणे कुणी तोडत नाही, सल्ला देत नाही. नवख्याने गप्प बसून ऐकले तरी चालते. मध्येच एक थैली फिरते. ऐपतीप्रमाणे सदस्य तीत पैसे टाकतात, त्यातून चहा आणि भाडे भागते. संपल्यावर चहाच्या वेळी जुन्या सदस्याचा फोन नंबर मागून घ्यावा. रात्री तल्लफ आली की तोच कामी येतो.

एक धोका ठळकपणे सांगायला हवा. रोज भरपूर पिणाऱ्याने मीटिंगच्या उत्साहात दारू एकदम तोडू नये. शेवटच्या घोटानंतर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान भ्रम, थरथर आणि भास होऊन जीवावर बेतू शकते. म्हणून आधी डॉक्टर. शासनाच्या टेली-मानस (१४४१६) आणि नशामुक्ती (१४४४६) या हेल्पलाइनवर सल्ला मिळतो. निवासी उपचारांसाठी फादर जो परेरा यांनी १९८१ साली वांद्र्यात उभी केलेली कृपा फाउंडेशन ही संस्था आहे आणि तिचे काम वसईतही चालते. पुण्यात डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. केंद्रातून घरी परतल्यावर खरी कसोटी लागते, ती निभावायला मीटिंग हवी.

मीटिंगचा उपयोग होतो याला पुरावा आहे. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२० मधील आढाव्यात २७ अभ्यास आणि १०,५६५ व्यक्तींची माहिती तपासली गेली. एए आणि तिच्याकडे वळवणारे ठरावीक पद्धतीचे उपचार पूर्ण व्यसनमुक्ती टिकवण्यात इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा सरस ठरले. मध्येच पाय घसरला, ज्याला सदस्य ‘स्लिप’ म्हणतात, तरी दार बंद होत नाही.

घरच्यांसाठी अल-अनॉन ही १९५१ पासूनची स्वतंत्र संघटना आहे. मुक्तांगणमध्ये पत्नींचा ‘सहचरी’ गट चालतो. नवरा यायला तयार नसला तरी बायकोने एकटीने अशा गटात जायला हरकत नाही. त्यासाठी त्याची परवानगी लागत नाही.