कार्ताझ : समुद्रावरील सत्तेचा कागद

युरोपीय साम्राज्यवादाचा इतिहास सांगताना किल्ले, लढाया, तह आणि जिंकलेले मुलूख यांचीच गणना बहुधा केली जाते. या गणनेत एका साध्या कागदाला मात्र क्वचितच स्थान मिळते. सोळाव्या शतकाच्या आरंभी पोर्तुगीजांनी हिंदी महासागरात सुरू केलेला नौकानयनाचा परवाना, म्हणजेच ‘कार्ताझ’, हा तो कागद होय. या शब्दाचे मूळ अरबी ‘किर्तास’ म्हणजे कागद या शब्दात असल्याचे मानले जाते. सागरी साम्राज्यवाद आपल्या किनाऱ्यावर कोणत्या रूपाने अवतरला, हे या कागदावरून जसे कळते, तसे एखाद्या लढाईच्या वर्णनावरूनही कळत नाही.

पोर्तुगीज येण्यापूर्वी या महासागरावर कोणा एका सत्तेची मालकी नव्हती. मोसमी वाऱ्यांच्या आधाराने अरब, गुजराती, मलबारी, मलायी अशा नाना जातींचे व्यापारी एका बंदरातून दुसऱ्या बंदरात जात. चाच्यांचा उपद्रव होता, बंदरांवर जकातही होती. परंतु ही जकात माल उतरविण्याबद्दल द्यावयाची असे. केवळ समुद्रातून जाण्याबद्दल परवानगी मागावी, ही कल्पना येथे रूढ नव्हती.

दि. २० मे १४९८ रोजी वास्को द गामा कालिकतच्या किनाऱ्यास लागला. तो परतल्यावर १४९९ मध्ये पोर्तुगालचा राजा मानुएल याने इथिओपिया, अरबस्तान, इराण व हिंदुस्थान येथील विजय, नौकानयन आणि व्यापार यांचा स्वामी अशी बिरुदावली धारण केली. त्या वेळी हिंदुस्थानात त्याच्या ताब्यात वीतभरही भूमी नव्हती! बिरुद आधी आले, त्याला अर्थ देणाऱ्या तोफा मागाहून आल्या. १५०२ च्या दुसऱ्या सफरीत गामाने मक्केहून परतणारे ‘मीरी’ हे यात्रेकरूंचे जहाज स्त्रिया व मुले यांच्यासह जाळले. त्यानंतर आल्बुकेर्कने १५१० मध्ये गोवा, १५११ मध्ये मलाक्का आणि १५१५ मध्ये होर्मुझ घेतले. एडन मात्र त्याला जिंकता आले नाही. सागरी मार्गांची नाकी अशा रीतीने हाती आल्यावर कार्ताझची पद्धती दृढ झाली.

कार्ताझमध्ये जहाजाचे व नाखुद्याचे नाव, जहाजाचा आकार, त्यावरील माणसे व शस्त्रे, निघण्याचे आणि पोहोचण्याचे बंदर हे सर्व नमूद असे. मिऱ्यांसारखा राजाच्या मक्तेदारीचा माल आणि शत्रुपक्षाची माणसे नेण्यास मनाई असे. परवान्याचे शुल्क अल्प होते. खरा भार होता तो पोर्तुगीज ठाण्यावर थांबून जकात भरण्याच्या अटीचा. ज्याच्यापाशी कार्ताझ नसे, त्याचे जहाज माल व माणसांसह जप्त होई. गोवा नगरीच्या वैभवाचा मोठा भाग अशा सक्तीच्या जकातीवर उभा होता.

या व्यवहाराला तत्त्वज्ञानाचीही जोड देण्यात आली. समुद्र सर्वांचा हा नियम ख्रिस्ती युरोपापुरता आहे, पूर्वेकडील लोकांना त्याचा आधार घेता येत नाही, असे प्रतिपादन जुआंव द बारुश या पोर्तुगीज इतिहासकाराने केले. पुढे १६०३ मध्ये डचांनी ‘सांता कातारिना’ हे पोर्तुगीज जहाज पकडले. त्याचे समर्थन करण्याच्या निमित्ताने ह्युगो ग्रोशियस याने समुद्र सर्वांना खुला असल्याचा सिद्धान्त मांडला व १६०९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. परंतु याच डचांनी १६२१ मध्ये जायफळाच्या मक्त्यासाठी बांदा बेटांवरील बहुतांश लोकसंख्या नष्ट केली. दुसऱ्याचा मक्ता मोडताना स्वातंत्र्याचे सूत्र आठवते आणि आपला मक्ता उभारताना त्याचा विसर पडतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधावे लागणार नाही.

बलाढ्य मोगलांनाही या कागदापुढे नमावे लागले. अकबराच्या काळी हज यात्रेच्या जहाजांना कार्ताझ घ्यावा लागे. त्यावर येशू व मेरी यांच्या आकृती असल्याने काही उलेमांनी आक्षेप घेतल्याची नोंद बदायुनीने केली आहे. एवढे करूनही परवाना म्हणजे अभय नव्हे, हे १६१३ मध्ये दिसले. जहांगीरच्या मातोश्रींचे ‘रहीमी’ हे जहाज कार्ताझ असतानाही पोर्तुगीजांनी पकडले. भूमीवरचा बादशहा समुद्रावर याचक ठरला. आणि या कलहाचा लाभ सुरतेस पाय रोवू पाहणाऱ्या इंग्रजांना झाला.

या व्यवस्थेचे मर्म मराठ्यांनी ओळखले. शिवछत्रपतींनी आरमार उभारले. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराला राज्याचे स्वतंत्र अंग मानले आहे, आणि टोपीकर हे इतर सावकारांसारखे नसून त्यांच्या पाठीशी राज्ये उभी आहेत, असा इशाराही दिला आहे. कान्होजी आंग्रे यांनी तर कोकण किनाऱ्यावर स्वतःचे दस्तक सुरू केले. पोर्तुगीजांनी दिला तर कार्ताझ आणि आंग्र्यांनी मागितले तर चाचेगिरी, असा हा न्याय होता! १७२१ मध्ये इंग्रज व पोर्तुगीज एकत्र येऊन कुलाब्यावर चालून गेले, ते हा प्रतिस्पर्धी परवाना मोडण्यासाठीच. त्या स्वारीत त्यांना अपयश आले. अर्थात्, दस्तकाने सामान्य व्यापाऱ्याचा भार हलका झाला असे नाही. त्याला आता दोन-तीन धन्यांचे कागद बाळगावे लागले. तरीही समुद्रावर परवाना देण्याचा अधिकार परक्यांनाच कोणी दिला, हा प्रश्न कान्होजींनी कृतीने विचारला.

पुढील पिढीला या प्रश्नाचे भान राहिले नाही. तुळाजी आंग्र्यांशी असलेल्या वैरापोटी नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांचे साहाय्य घेतले आणि फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या बंदरात आंग्र्यांचे आरमार जळून खाक झाले. या मोहिमेतील वॉटसन आणि क्लाइव्ह हेच सेनानी त्याच वर्षाच्या अखेरीस बंगालमध्ये उतरले आणि जून १७५७ मध्ये क्लाइव्हने प्लासी जिंकली. समुद्राकडून आलेली सत्ता भूमीवर स्थिर झाली, त्याआधी तिला समुद्रावर अडविणारे आरमार आपल्याच संमतीने नाहीसे झाले होते.

कार्ताझच्या नोंदवह्या पणजीच्या पुराभिलेखागारात जतन झालेल्या आहेत. त्यांतील जहाजांची, नाखुद्यांची आणि बंदरांची नावे बहुतांशी याच किनाऱ्यांवरची आहेत. ती लिहिणाऱ्याने स्वतःचा अधिकार सिद्ध करण्यासाठी लिहिली. आज मात्र त्या नोंदी वाचताना, आपल्याच समुद्रात जाण्यासाठी ज्यांना परवानगी मागावी लागली त्या माणसांचा माग लागतो. तो लावण्याचे काम अद्याप पुष्कळ शिल्लक आहे.