भिंतीला जाणवणारं तापमान

तोरणमाळ समुद्रसपाटीपासून साधारण ११५० मीटर उंचीवर आहे. एक किलो हवा समुद्रकाठावरून उचलून तिथल्या यशवंत तलावापर्यंत चढवायला जेवढी ऊर्जा लागेल, जवळजवळ तेवढीच ऊर्जा सेकंदाला १५० मीटर वेगानं धावणाऱ्या एक किलो हवेत असते. ही हवा कुठे थबकली की त्या ऊर्जेची उष्णता होते आणि हवा ११ अंशांनी तापते. कोरडी हवा तोरणमाळच्या उंचीवरून थेट समुद्रसपाटीला उतरली, तर दाब वाढल्यामुळे तीही तेवढीच तापेल.

आता ही हवा पाइपातून सोडा. मधली हवा सुसाट, पण धातूला चिकटलेला अगदी पातळ थर जागचा हलत नाही. म्हणजे पाइपाच्या भिंतीला धावत्या हवेचा स्पर्शच होत नाही. तिची गाठ पडते ती थांबलेल्या, घर्षणानं तापलेल्या हवेशी. मग भिंत नेमकी किती तापते? पूर्ण ११ अंश, की त्याहून कमी?

हा प्रश्न पाइपवाल्यांना पडण्याआधी थर्मामीटरवाल्यांना पडला. १८५०च्या दशकात जूल आणि थॉमसन (पुढचे लॉर्ड केल्व्हिन) वाहत्या वायूंवर प्रयोग करत होते. हवेतून वेगानं फिरवलेला थर्मामीटर खऱ्यापेक्षा जास्त तापमान दाखवतो आणि ही वाढ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, असं त्यांना आढळलं. वेग दुप्पट केला की चूक चौपट. थर्मामीटर बिघडलेला नव्हता. तो स्वतःचं तापमान प्रामाणिकपणे सांगत होता, हवेचं नव्हे.

पुढची पन्नास वर्षं फारसं काही घडलं नाही. १९०४ साली लुडविग प्रांटलनं त्या पातळ थराचा सिद्धांत मांडला आणि भिंतीजवळ काय चाललंय याचं गणित करता येऊ लागलं. १९२१मध्ये एर्न्स्ट पोलहाउझेननं त्यातून ‘सपाट पट्टीच्या थर्मामीटर’चं कोडं, म्हणजे धावत्या हवेतली पट्टी किती तापेल ते, सोडवलं. थरात दोन गोष्टी एकदम चालतात: घर्षण उष्णता निर्माण करतं आणि ती उष्णता आतल्या थंड हवेकडे झिरपते. कोण किती जिंकतं, ते वायूच्या प्रांटल अंकावर, म्हणजे घर्षणाचा परिणाम आणि उष्णता पसरण्याच्या वेगांच्या गुणोत्तरावर, ठरतं. हवेचा हा अंक सुमारे ०.७१. प्रवाह शांत, थरांथरांचा असेल तर त्याचं वर्गमूळ घ्यायचं: ०.८४. म्हणजे थबकलेल्या हवेच्या वाढीपैकी ८४ टक्के भिंतीच्या वाट्याला. या अपूर्णांकाला अभियंते रिकव्हरी फॅक्टर म्हणतात.

पाइपातला वेगवान प्रवाह मात्र शांत नसतो, खळबळीचा असतो. तिथे वर्गमूळाऐवजी घनमूळ घेतात आणि उत्तर ०.८९ येतं. १९४०च्या दशकात जर्मनीत एकर्ट आणि त्याच्या सहकाऱ्यानं, तर अमेरिकेत मॅकॲडम्स, निकोलाय आणि कीनन यांनी प्रत्यक्ष मोजमापं केली. अमेरिकन मोजमापं तर थेट नळीतल्या हवेवरची होती.

या ०.८९ची किंमत कळायला एक हिशेब करून पाहू. टाकीत ३० अंशांची हवा आहे. ती पाइपातून ध्वनीच्या वेगानं निघाली तर प्रवाहातलं तापमान उणे २१ अंशांच्या आसपास उतरतं. हा आकडा पाहून नवशिका घाबरतो आणि अतिथंडीत टिकणारं महागडं पोलाद मागवायला निघतो. पण उणे २१ आणि ३० यांतल्या ५१ अंशांचे ८९ टक्के परत मिळवले, की भिंतीचं तापमान निघतं २४ अंश. हातही लावता येईल! अर्थात बाहेरून पाइपाला ना उष्णता मिळते ना पाइपाची जाते, असं धरून. बाहेर ऊन, पाऊस किंवा वारा असेल, तर दोन्ही बाजूंच्या देवाणघेवाणीचा ताळमेळ घालावा लागतो.

नैसर्गिक वायूच्या बाबतीत एवढ्यावर निर्धास्त राहणं बरं नाही. मुंबई हायचा वायू जिथे किनाऱ्याला लागतो त्या उरणसारख्या ठिकाणी, किंवा कुठल्याही मोठ्या वायुप्रकल्पात, दाब अचानक सोडायची वेळ येते तेव्हा वायू व्हॉल्व्हमधून पसरतानाच थंड होतो. दाबातल्या दर बार घटीला ढोबळमानानं अर्धा अंश. हाही शोध जूल-थॉमसन जोडीचाच. ही घट थबकलेल्या वायूच्या तापमानातच होते, त्यामुळे रिकव्हरी फॅक्टर ती भरून काढत नाही. आधी व्हॉल्व्हचा हिशेब, मग वेगाचा. क्रम चुकला तर पोलादाची निवड चुकते, आणि थंडीनं ठिसूळ झालेलं पोलाद वाकत नाही, तडकतं.

भिंतीच्या तापमानाच्या याच प्रश्नाची दुसरी शाखा विक्रोळीत भेटते. तिथे गोदरेजच्या कारखान्यात इस्रोसाठी रॉकेटांची ‘विकास’ इंजिनं घडतात. रॉकेटच्या नोझलमध्ये प्रश्न उलटा: वायू हजारो अंशांचा. घशातून पुढे जाताना तो वेग घेतो, पसरतो, निवतो. पण भिंतीला त्या निवण्याचा फारसा फायदा होत नाही, कारण तिच्याजवळ तो पुन्हा थबकतो. १९५७मध्ये बार्ट्झनं नोझलसाठी जे सुटसुटीत सूत्र दिलं, त्यातून उष्णता किती सहज भिंतीत शिरते ते कळतं. ती कुठल्या तापमानाच्या वायूकडून शिरते, ते मात्र पोलहाउझेनच्याच वाटेनं काढावं लागतं.