रांजण, राणी आणि पाण्याचे टाके : नाणेघाटाची तीन दिवसांची वाट

१. दोन वर्षांपूर्वी याच खात्यावर मी नाणेघाटाविषयी एक छोटी नोंद लिहिली होती. "दोन हजार वर्षांपूर्वीचा टोलनाका" असे तिचे शीर्षक होते आणि घाटमाथ्यावरील दगडी रांजणाचे छायाचित्र तिला जोडले होते. ती नोंद पुष्कळ फिरली. गेल्या मार्गशीर्षात मी त्याच घाटाने तीन दिवसांची पदयात्रा केली आणि त्या नोंदीतील मुख्य विधान मला सिद्ध करता येत नाही, हे तेथे उमगले. आजचा थ्रेड त्या दुरुस्तीसाठी आहे. थोडा दीर्घ आहे, सावकाश वाचावा.

२. प्रथम भूगोल. कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेज घाटाकडे जाताना वैशाखरे गाव लागते. तेथून डोंगराची चढण सुरू होते. पायथ्यापासूनच 'नानाचा अंगठा' नावाचा सुळक्यासारखा कडा दिसत राहतो. दोन-तीन तासांत आपण कोकणातून देशावर येतो. माथ्यावर घाटघर हे गाव आहे आणि तेथून पूर्वेला सुमारे ३० किलोमीटरांवर जुन्नर. प्राचीन काळी सोपारा व कल्याण ही बंदरे आणि जुन्नर, पैठण ही देशावरची नगरे यांना जोडणारी ही एक प्रमुख वाट होती.

३. आमच्याबरोबर वाटाड्या म्हणून घाटघरचे एक मामा होते. वय पन्नाशीच्या पुढचे. या वाटेवरील प्रत्येक दगड पायाखालचा. चढताना जागोजागी फरसबंदीचे आणि खोदीव पायऱ्यांचे अवशेष दिसतात. मामा सांगत होते की पावसाळ्यात ही वाट ओढाच होते. दोन हजार वर्षे पाणी, बैल आणि माणसे ज्या दगडांवरून गेली, त्यांचे काठ गोल झालेले आहेत. पुस्तकात 'व्यापारी मार्ग' हे दोन शब्द सहज वाचून होतात. पाठीवर दहा किलोंची पिशवी घेऊन चढल्यावर त्या शब्दांना वजन येते.

४. माथ्याच्या किंचित अलीकडे कातळात खोदलेली पाण्याची टाकी लागतात आणि मग ते प्रसिद्ध लेणे. हे विहार किंवा चैत्य नव्हे. आयताकार दालन आणि भिंतींलगत खोदलेले दगडी बाक, एवढीच त्याची रचना. बाकांवर बसले की समोर कोकण उघडे दिसते. आणि पाठीशी, भिंतीवर, भारताच्या इतिहासातील अत्यंत महत्त्वाचा एक शिलालेख.

५. लेख ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत आहे. डाव्या व उजव्या भिंतींवर मिळून त्याच्या सुमारे वीस ओळी आहेत. बहुतेक अभ्यासक त्याचा काळ इ. स. पूर्व पहिले शतक मानतात. काहींनी तो आणखी मागे नेला आहे. आरंभी धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य आणि चार लोकपाल यांना वंदन आहे. संकर्षण आणि वासुदेव ही नावे एका राजघराण्याच्या लेखात इतक्या लवकर यावीत, ही धर्मेतिहासाच्या दृष्टीने मोठी गोष्ट आहे.

६. त्यानंतर यज्ञांची यादी येते : राजसूय, अश्वमेध आणि इतर अनेक. प्रत्येकाबरोबर दिलेल्या दक्षिणेचा हिशेब आहे. एका ठिकाणी १,७०० गाई व १० हत्ती; एका ठिकाणी ११,००० गाई व १,००० घोडे; एका ठिकाणी २४,४०० कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी. या आकड्यांत अतिशयोक्ती किती, हा प्रश्न रास्त आहे. पण आकडे कसे लिहिले, हा त्याहून रंजक प्रश्न आहे.

७. मामांनी विजेरी भिंतीला लागून आडवी धरली. समोरून प्रकाश टाकला तर झिजलेली अक्षरे दिसत नाहीत. तिरप्या प्रकाशात खोदकामाच्या कडांना सावली पडते आणि अक्षर उठून येते. अशा प्रकाशात काही अंक ओळखू आले. भारतातील अंकचिन्हांचे हे अतिशय जुने नमुने होत. मात्र समाजमाध्यमांवर फिरणारा एक दावा येथेच दुरुस्त करून घ्यावा : येथे शून्य नाही आणि स्थानमूल्यही नाही. दहा, शंभर, हजार यांना स्वतंत्र चिन्हे आहेत. सातशे लिहायचे तर शंभराच्या चिन्हाला साताचे चिन्ह जोडायचे, असा हा प्रकार. या अंकांचा उलगडा करण्यात पंडित भगवानलाल इंद्रजी यांचा मोठा वाटा होता. जॉर्ज ब्यूलर यांनी १८८३ मध्ये लेखाचे सविस्तर संपादन प्रसिद्ध केले.

८. लेखाच्या केंद्रस्थानी एक स्त्री आहे. सातवाहन राजा पहिला सातकर्णी याची राणी नागणिका. लेख अनेक ठिकाणी तुटला आहे. तिचे नाव स्पष्ट मिळते ते मागील भिंतीवरील नामलेखात. त्या भिंतीवर एकेकाळी राजकुलातील व्यक्तींच्या मूर्ती होत्या : घराण्याचा संस्थापक सिमुक, नागणिका व सातकर्णी, राजकुमार आणि एक महारठी. आज मूर्ती नाहीत. वर नावे उरली आहेत आणि खाली काही पावलांच्या खुणा. राजघराण्याचे असे शिल्पदालन भारतात इतक्या जुन्या काळातले क्वचितच सापडते.

९. या राणीचे वर्णन व्रतस्थ म्हणून येते. महिना-महिना उपवास करणारी, घरात राहून तापसीचे जीवन जगणारी, ब्रह्मचर्य पाळणारी. यावरून ती विधवा असावी आणि मुलगा लहान असल्यामुळे राज्यकारभार तिच्या हाती आला असावा, असे अनुमान बहुतेक अभ्यासक करतात. अनुमान सबळ आहे, तरी ते अनुमानच. पण एवढे निश्चित की, यज्ञांचा आणि दानांचा हा प्रचंड हिशेब ज्या भिंतीवर कोरला, ती भिंत राजवाड्यातली नव्हती. ती वाटसरूंच्या विसाव्याची जागा होती. कोकणातून धापा टाकीत आलेला प्रत्येक व्यापारी त्या बाकावर टेकणार आणि घराण्याची नावे पाहणार, हे जाणूनच जागा निवडलेली आहे.

१०. आता रांजणाकडे येऊ. लेण्यापासून पुढे अरुंद खिंड चढून गेले की माथ्यावर तो भला मोठा दगडी रांजण आहे. "याच्यात जकातीची नाणी टाकीत" ही कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. मीही गटातील मुलांना तीच सांगू लागले. मामा शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "ताई, पैका असा उघड्यावर कोण ठेवील? आमच्याकडं तांदूळसुद्धा कणगीत झाकून ठेवतात."

११. मी हसले आणि मग गप्प झाले. कारण माझ्याकडे उत्तर नव्हते. रांजणावर लेख नाही. नागणिकेचा लेख आज जेवढा वाचता येतो, तेवढ्यात जकातीचा उल्लेख नाही. रांजण सातवाहनकालीनच आहे, हे दाखवणारे काहीही मी वाचलेले नव्हते. तरीही 'टोलनाका' हा शब्द मी छातीठोकपणे लिहिला होता, कारण माझ्याआधी अनेकांनी तो तसाच लिहिला होता.

१२. याचा अर्थ घाटात कर घेतला जात नव्हता असा नाही. कौटिलीय अर्थशास्त्रात शुल्काध्यक्षाचे स्वतंत्र प्रकरण आहे. मालावर शुल्क घेणे ही प्राचीन राज्यांची नेहमीची रीत होती, आणि एवढ्या महत्त्वाच्या घाटावर राजसत्तेने ते घेतले असणे अगदी संभवनीय आहे. पण 'संभवनीय' आणि 'सिद्ध' यांत अंतर असते. एम. ए.च्या पहिल्या सत्रात हेच शिकवतात. मी ते परीक्षेत लिहिले आणि माझ्या नोंदीत विसरले.

१३. मग पुराव्याने जे सिद्ध होते, ते काय? येथे आपण सारे जण दुर्लक्ष करतो त्या टाक्यांकडे परत जावे लागते. नाणेघाटातील टाक्यांजवळ छोटे दानलेख आहेत. एका लेखात सोपाऱ्याच्या गोविंददासाचे दान नोंदवले आहे. दुसरा लेख वासिष्ठीपुत्र चतरपन सातकर्णी या राजाच्या तेराव्या राज्यवर्षातला. त्यात कामवनच्या दामघोषाने टाके दिल्याची नोंद आहे. बंदरातला एक माणूस घाटमाथ्यावर पाण्याची सोय करतो. का? कारण तहान काय असते, हे या वाटेने जाणाऱ्यालाच ठाऊक.

१४. पहिली रात्र घाटघरला मामांच्या अंगणात गेली. खरे तर आमच्यातील काहींना लेण्यातच मुक्काम करायचा होता. चूल पेटवून तेथेच खिचडी करावी असा बेत होता. मामांनी नकार दिला. "धुरानं अक्षरं काळी पडतात," एवढेच ते म्हणाले. भिंतींवर आधीच्या लोकांनी खरवडलेली नावे आणि हृदयाची चित्रे आम्ही दुपारी पाहिली होती. त्यामुळे कोणी वाद घातला नाही.

१५. दुसरा दिवस किल्ल्यांचा. जीवधन नाणेघाटाच्या अगदी शेजारी उभा आहे; त्याच्या कड्यावरून वानरलिंगी सुळका आणि घाटाची वाट दोन्ही दिसतात. जीवधन, चावंड, हडसर आणि शिवनेरी ही दुर्गांची साखळी पाहिली की वाटेवर नजर ठेवण्याची गरज कोणत्याही काळात संपली नव्हती, हे कळते. १८१८ मध्ये इंग्रजांनी जीवधन घेतला. आम्ही दुपारी चावंडवर पोहोचलो आणि त्याच्या पायथ्याच्या गावात राहिलो. या किल्ल्यांवर वेगळा थ्रेड लिहीन. आजचा विषय त्यांच्याहून बराच जुना आहे.

१६. तिसरा दिवस जुन्नरचा. शहराभोवतीच्या डोंगरांत लेण्यांचे अनेक समूह आहेत : लेण्याद्री, मानमोडी, शिवनेरी, तुळजा. तुळजा लेण्यातील चैत्यगृह वर्तुळाकार असून स्तूपाभोवती बारा खांब आहेत. अशी रचना दुर्मीळ आहे. लेण्याद्रीला बहुतेक लोक गिरिजात्मज गणपतीच्या दर्शनाला जातात. देवळाचे ते लेणे मुळात बौद्ध विहार आहे आणि शेजारीच एक देखणे चैत्यगृह आहे. त्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर दात्याचे नाव आहे : कल्याणच्या हेरणिकाचा पुत्र सुलसदत.

१७. कल्याण! तीन दिवसांपूर्वी आम्ही जेथून निघालो ते गाव. नकाशावर तिन्ही लेख ठेवून पाहा. सोपाऱ्याचा माणूस घाटात टाके देतो, राणी घाटात आपल्या घराण्याची नावे कोरते आणि कल्याणचा माणूस घाट ओलांडून जुन्नरला चैत्यगृह देतो. हा मार्ग खरोखर वाहता होता, याचा माझ्या मते हा सर्वांत भक्कम पुरावा. रांजणाची त्यासाठी गरजच नाही.

१८. जुन्नरच्या दात्यांत आणखीही मंडळी आहेत. इरिल नावाच्या यवनाने शिवनेरीत दोन टाकी दिली. चिट नावाच्या यवनाने संघासाठी भोजनमंडप दिला. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि टाके दिले. बुरूड आणि कासार यांच्या श्रेणींकडे दानाची रक्कम ठेव म्हणून ठेवल्याचे उल्लेख आहेत. म्हणजे कारागिरांच्या संघटना त्या काळी पेढीचेही काम करीत होत्या.

१९. ही वाट कोणाच्या हाती राहावी, यासाठी युद्धेही झाली. 'पेरिप्लस' या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासग्रंथात नोंद आहे की कल्याणला येणारी ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात. मानमोडीच्या एका लेखात महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याचे दान आहे. म्हणजे जुन्नर काही काळ क्षत्रपांकडे गेले होते. पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी येथे नहपानाची १३,००० हून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांतील दोन-तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपले ठसे पुन्हा मारलेले आहेत. शत्रूचे नाणे वितळवण्यापेक्षा त्यावर आपली मुद्रा उमटवणे सोपे, आणि अधिक बोलकेही.

२०. तर, दुरुस्ती. 'दोन हजार वर्षांपूर्वीचा टोलनाका' हे माझे विधान मी मागे घेते. नाणेघाटात जकात घेतली जात असणे संभवनीय आहे; त्या रांजणात ती जमा होत असे, याला मला ज्ञात असलेला आधार नाही. ती जुनी नोंद मी खोडलेली नाही. तिच्याखाली या थ्रेडचा दुवा दिला आहे. चूक दिसत राहिली म्हणजे दुरुस्तीही दिसते.

२१. कोणी म्हणेल, कथेने काय बिघडते? लोक त्या निमित्ताने घाट पाहायला येतात. खरे आहे, मीही तशीच पहिल्यांदा आले होते. पण रांजणासमोर छायाचित्र काढून परतणारा पाहुणा खिंडीखालच्या टाक्यावर थांबत नाही. गोविंददासाचे नाव त्याला कोणी सांगितलेले नसते. राणीच्या भिंतीवर स्वतःचे नाव खरवडणाऱ्यालाही ती भिंत काय आहे, हे बहुधा ठाऊक नसते. सोपी कथा खऱ्या पुराव्याची जागा अडवते, हे तिचे नुकसान.

२२. तुम्ही जाणार असाल तर हिवाळ्यात जा, स्थानिक वाटाड्या घ्या, लेण्यात चूल पेटवू नका, अक्षरांना हात लावू नका आणि विजेरी तिरपी धरा. निरोप घेताना मामांनी विचारले, "मग ताई, रांजणाचं काय लिहिणार?" मी म्हटले, "ठाऊक नाही, असं लिहीन." ते म्हणाले, "ते बरं. टाक्याचं मात्र लिहा. पाणी अजून हाय."

माझ्या वाचनात काही त्रुटी दिसल्यास पुराव्यासह जरूर सांगावे. पुढील थ्रेड जुन्नरच्या यवन दात्यांवर.