फोन फुटत नाही, थकतो

ओळखीच्या एका अंगणवाडीताईंनी परवा विचारलं, "दादा, पंधरा-अठरा हजारांत टिकाऊ मोबाइल कुठला घेऊ?" दोन-चार मॉडेलं सांगून मोकळा झालो असतो. पण 'टिकाऊ' या शब्दावर अडलो.

२००३ साली नोकिया ११०० आला तेव्हा या शब्दाचा अर्थ सरळ होता. धूळ आत जाऊ नये असं कीपॅड, हातातून निसटू नये अशा कडा आणि लोडशेडिंगच्या महाराष्ट्रात सगळ्यात कामाची गोष्ट, टॉर्च! जगभरात २५ कोटींच्या घरात विकला गेला तो. पडला की झाकण एकीकडे, बॅटरी दुसरीकडे. जोडला की पुन्हा चालू. बॅटरी गेली तर एसटी स्टँडसमोरच्या दुकानात नवी मिळायची.

मग स्मार्टफोन आले, बॅटरी आत बंद झाली आणि फोन न पडताच म्हातारे व्हायला लागले.

आपल्याकडे हे सगळ्यात आधी कुणाला कळलं असेल, तर अंगणवाडी सेविकांना. सरकारने रजिस्टरं कमी करायला मोबाइल दिले. रॅम २ जीबी. मार्च २०२१ मध्ये 'पोषण ट्रॅकर' आलं आणि फोनचा दम संपला. हँग होणं, तापणं रोजचंच झालं. वर वॉरंटी संपलेली. दुरुस्तीचा भुर्दंड आमच्याच माथी येतो, अशी सेविकांची तक्रार होती. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभर मोर्चे काढून त्यांनी हजारो फोन प्रकल्प कार्यालयांत परत केले. काचा फुटल्या म्हणून नव्हे. ॲप वाढत गेलं, फोन तेवढाच राहिला म्हणून. माझ्या मते 'मोबाइल वापसी' हे आपल्याकडचं स्मार्टफोनचं सगळ्यात मोठं परीक्षण होतं. पण ते पगार-मानधनाच्या बातमीत चार ओळींत संपलं. आम्ही पत्रकारही त्यात आलोच.

युरोपने जून २०२५ पासून नियमच केला. मॉडेलची विक्री थांबल्यावरही किमान पाच वर्षं अपडेट द्यायचे आणि ८०० वेळा चार्ज झाल्यावरही बॅटरीत ८० टक्के क्षमता उरली पाहिजे. आपल्याकडे दुरुस्तीयोग्यतेच्या निर्देशांकाची शिफारस मे २०२५ मध्ये समितीने केली आहे. खोक्यावर तो आकडा कधी दिसेल तेव्हा दिसेल.

तोवर ताईंना सांगितलं ते असं. रॅम ८ जीबी बघा. अपडेट किती वर्षं, ते लेखी विचारा. स्क्रीन बदलायला किती लागतात हे फोन घ्यायच्या आधी विचारा, नंतर नाही. सर्व्हिस सेंटर तालुक्याला आहे की थेट जिल्ह्याला? आणि 'वॉटरप्रूफ'वर भाळू नका, पाणी गेलं तर बहुतेक वॉरंटी हात वर करते.

ताई शनिवारी दुकानात जाणार आहेत. हल्ली कुणी स्क्रीन किंवा बॅटरी बदलून घेतली असेल, तर किती पैसे आणि किती दिवस लागले ते खाली लिहा. त्यांना दाखवतो.