चौकातील कथा

वारली चित्रांची कीर्ती आज देशोदेशी पसरली आहे. परंतु त्यांतील कथा कितीजणांस ठाऊक आहेत? सुवासिनी तांदळाच्या पिठाने भिंतीवर लग्नचौक लिहितात. त्यात पालघट देवी विराजते. चौकावाचून विवाह नाही आणि धवलेरीच्या गाण्यावाचून चौकाचा अर्थ उलगडत नाही.

गंजाडचे कै. जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) बालपणी मातृवियोगाने अबोल झाले. धुळीत रेघा ओढून ते मन प्रकट करीत. स्त्रियांची ही कला पुढे त्यांनी कागदावर आणली. २०११ साली त्यांस पद्मश्री लाभली.

आम्हांस अभिमान वाटतो, तशी चिंताही वाटते. चित्र बाजारात मिळते, गाणे मिळत नाही. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांपाशी बसून मुलांनी ते शिकावे, एवढीच समाजबांधवांस आमची विनंती आहे.