जुन्या मोटारीतील सस्पेन्शनची झीज कशी ओळखावी?

डिसेंबर १९८३ मध्ये पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. आज रस्त्यावर दिसणारी या जातीची प्रत्येक मोटार दहा वर्षांहून अधिक जुनी आहे. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. त्यानंतर योग्यता तपासणी करूनच ती पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. इंजिन सुरळीत चालत असल्यास मोटार चांगली, असा सर्वसाधारण समज आहे. मात्र वळणावर तोल राखणे आणि ब्रेक लावताच सरळ रेषेत थांबणे, हे सस्पेन्शनवर अवलंबून असते.

सस्पेन्शनची झीज हळूहळू होत असल्याने रोजच्या चालकाला ती सहसा जाणवत नाही. त्यामुळे तपासणी क्रमाने करणे हितावह ठरते.

टायरपासून सुरुवात

प्रथम टायर थंड असताना हवेचा दाब तपासावा. टायरच्या दोन्ही कडा झिजल्या असल्यास हवा कमी आणि मधला भाग झिजला असल्यास हवा जास्त, असे समजावे. केवळ एकच कड झिजली असेल, तर चाकाचा कोन बिघडलेला असतो. ठिकठिकाणी खळगे पडले असल्यास शॉक ॲब्सॉर्बर किंवा चाकाचे संतुलन सदोष असण्याची शक्यता असते. मोटार एका बाजूला ओढत असेल, तर पुढील दोन्ही चाकांची अदलाबदल करून पाहावी. ओढण्याची दिशा बदलली, तर दोष टायरचा आहे. ठरावीक वेगालाच स्टिअरिंग थरथरत असल्यास आधी चाकांचे बॅलन्सिंग करून घ्यावे.

शॉक ॲब्सॉर्बर आणि स्प्रिंग

मारुती ८०० च्या पुढील बाजूस मॅकफर्सन स्ट्रट पद्धती आहे. यात स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर एकाच स्तंभात बसविलेले असतात. मोटारीचा एक कोपरा जोराने दाबून सोडावा. तो वर येऊन स्थिरावला पाहिजे. पुनःपुन्हा हेलकावत राहिल्यास शॉक ॲब्सॉर्बर निकामी झाला आहे. तथापि, या चाचणीत फार झिजलेला भागच उघडकीस येतो. म्हणून स्तंभावर तेलाचे ओघळ आहेत का, हेही पाहावे. सपाट जागी चाकाच्या मध्यापासून वरील पत्र्याच्या कडेपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंना मोजावे. त्यात ठळक फरक आढळल्यास स्प्रिंग बसली आहे किंवा तुटली आहे, असा संशय घ्यावा.

बुश आणि सांधे

ब्रेक लावताना किंवा गाडी सुटताना ‘खट्’ असा आवाज येत असल्यास रबरी बुश तपासावेत. या मोटारीत अँटी-रोल बार खालच्या आर्मला पुढे-मागेही धरून ठेवतो; त्याचे बुश फाटल्यास ब्रेक लावताना चाक जागेवरून सरकते व मोटार भरकटते. जागेवर उभ्या असलेल्या मोटारीचे स्टिअरिंग फिरवताना करकर होत असल्यास स्ट्रटच्या वरच्या टोकाचे बेअरिंग पाहावे.

यानंतर हँडब्रेक ओढून, मागील चाकांना अडण लावून पुढचे चाक उचलावे. मोटार केवळ जॅकवर सोडू नये; खाली भक्कम स्टँड द्यावा. चाक वर-खाली धरून हलवावे. खेळ आढळल्यास साथीदाराला ब्रेक दाबण्यास सांगावे. खेळ नाहीसा झाला, तर दोष चाकाच्या बेअरिंगचा असतो. तो कायम राहिला, तर बॉल जॉइंट किंवा स्ट्रटचा असतो. चाक डावी-उजवीकडून धरून हलवल्यावर ढिलाई जाणवल्यास टाय रॉड एंड किंवा स्टिअरिंग रॅक तपासावा.

धोका कोठे आहे?

शॉक ॲब्सॉर्बर कमकुवत झाल्यास खडबडीत रस्त्यावर टायर क्षणभर जमीन सोडतो आणि थांबण्याचे अंतर वाढते. बॉल जॉइंट किंवा टाय रॉड एंड निखळल्यास तर चाकावरील ताबाच सुटतो. त्यामुळे या दोन सांध्यांत खेळ आढळल्यास मोटार चालवत नेऊ नये. ती ओढून न्यावी.

खर्चाचा विचार

सर्वच भाग एकदम बदलण्याची गरज नसते. ज्या भागात दोष सिद्ध झाला, तोच बदलावा. मात्र शॉक ॲब्सॉर्बर आणि स्प्रिंग एकाच ॲक्सलवर जोडीने बदलावेत, अन्यथा दोन्ही बाजूंचे वर्तन भिन्न राहते. व्हील अलाइनमेंट सर्वांत शेवटी करावे. सांधे ढिले असताना केलेले अलाइनमेंट टिकत नाही आणि खर्च वाया जातो. दुरुस्तीनंतर रिकाम्या, सपाट रस्त्यावर कमी वेगाने मोटार चालवून पाहावी. ती सरळ चालत असेल, वळणानंतर स्टिअरिंग आपोआप मध्यावर येत असेल आणि ब्रेक लावल्यावर ओढत नसेल, तर निदान योग्य ठरले, असे म्हणता येईल.